मिलिसेकंदाची मनधरणी

आमच्या ऑफिसात एक संगणक आहे. त्याला तेच गणित, त्याच आकड्यांनिशी, पुन्हा पुन्हा घातलं तर उत्तर दर वेळी पैशापर्यंत बरोबर येतं. वेळ मात्र दर वेळी निराळा. आधी ४१२ मिलिसेकंद, लगेच पुन्हा विचारलं तर ४३९, मग ३९८. मधल्या काळात कुणी खुर्चीवरून हललेलंसुद्धा नसतं.

"काय बदललं मधे?"

"काही नाही."

"मग?"

"लहर."

पतसंस्थांच्या ठेवींवरच्या व्याजाची आकारणी करून देणारं सॉफ्टवेअर आम्ही विकतो. ऑफिस एरंडवण्यात, नदीच्या अंगाला, एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आहे आणि खाली मालक राहतात. नदी आणि मालक या दोन्ही गोष्टींचा संगणकाच्या वेगाशी काही संबंध असेल, असं भाडेकरारावर सही करताना मला वाटलं नव्हतं.

सगळं सुरळीत चाललं होतं. म्हणजे दर नव्या आवृत्तीगणिक सॉफ्टवेअर थोडं हळू व्हायचं आणि आम्ही गिऱ्हाइकाला रॅम वाढवून घ्यायला सांगायचो. अशा सुखी संसारात एक नवा मुलगा रुजू झाला. त्याने आल्या आल्या कुणी न सांगता आकारणीचा एक जुना लूप उघडला, आत काहीतरी हलवलं आणि सकाळच्या मीटिंगमध्ये सगळ्यांदेखत जाहीर केलं, "सर, तीन टक्के फास्ट झालंय."

खोलीत शांतता पसरली. आमच्याकडे याआधी कुणी काही फास्ट केल्याची नोंद नाही. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवला आणि म्हणाले, "सिद्ध करा." त्या दोन शब्दांनी आमचा उन्हाळा खाल्ला, पावसाळाही बराचसा खाल्ला.

अडचण साधी होती. तीन टक्के म्हणजे चारशेत बारा मिलिसेकंद. आणि संगणक बसल्या बसल्या चाळीसने मागेपुढे होतोय. साहेब मूळचे बँकेतले. त्यांनी लगेच दाखला दिला, "गल्ल्यात रोज आपोआप चाळीस रुपयांचा फरक पडत असेल, तर त्या कॅशियरचं आपण काय करतो?"

"काढून टाकतो, सर."

"मग?"

"सर, हा विकत घेतलाय."

तेव्हा काढून टाकता येत नाही म्हटल्यावर त्याला सुधारायचं ठरलं. घरातलं मूल असो की कार्यालयातलं यंत्र, सुधारायचं ठरलं की आधी सगळे सल्ला देतात. आमच्या टेस्टरचं मत पडलं, की पहिला आकडा धरायचाच नाही. "पहिला ट्रायल बॉल. फाइल डिस्कवरून मेमरीत यायला वेळ लागतो, तो कशाला मोजायचा?" हे पटण्यासारखं होतं. मग दुसराही जरा जास्तच निघाला, तेव्हा तोही ट्रायल. तिसराही. असे किती चेंडू सोडायचे यावर वाद झाला. मुलाने शोधून सांगितलं, की लंडनच्या किंग्ज कॉलेजच्या संशोधकांनी या विषयावर २०१७ साली एक मोठा निबंध छापलाय. जावासारख्या भाषांतले प्रोग्रॅम सुरुवातीला हळू चालतात आणि थोडे तापले की वेग पकडून स्थिरावतात, असं सगळे धरून चालत होते. या लोकांनी प्रत्येक फेरीआधी मशीन बंद करून पुन्हा सुरू केलं, त्याचं तापमान मूळ पदावर येईपर्यंत वाट पाहिली, आणि एवढी बडदास्त ठेवून मोजलं तर बरेच प्रोग्रॅम कधी स्थिरावतच नाहीत असं निघालं. काही तर वेळ जाईल तसे आणखी हळू होतात.

"म्हणजे काही जण अनुभवाने मंद होतात," साहेब म्हणाले आणि त्यांनी उगाचच माझ्याकडे पाहिलं.

तापमानाचा उल्लेख आल्यामुळे प्रकरण एसीवर गेलं. प्रोसेसरवर एक वेग छापलेला असतो, पण तो काही खरा मानायचा नाही. अंगात गारवा असला आणि काम थोडं असलं की तो छापील वेगापेक्षा जोरात पळतो, तापला की गुपचूप मागे येतो. याला टर्बो म्हणतात. मे महिन्यातल्या पुण्यात हा टर्बो किती टिकणार? त्यासाठी खोली एकसारखी थंड हवी. आमच्या खोलीत एकच एसी, आणि त्याचा रिमोट अकाउंट्सच्या मॅडमच्या ड्रॉवरमध्ये.

मुलगा मोठ्या आदराने गेला. "मॅडम, मशीनला २२ लागतं."

"मला २७ लागतं," मॅडम म्हणाल्या, "आणि पगार मी काढते."

संगणक २७ वर आला. तरी निदान २७ तर स्थिर राहील, अशी आशा होती. पण खालच्या मालकांच्या खिडकीबाहेर आमच्या एसीचं घुर्र करणारं युनिट आहे आणि करारात कलम आहे, की दुपारी एक ते चार ते बंद राहील. पुण्यात या कलमाला कुठलंही कोर्ट हात लावणार नाही. परिणामी रोज दीडच्या सुमारास आकडे चढू लागायचे, तीनला कळस गाठायचे आणि साडेचारला पुन्हा माणसात यायचे. आलेख काढला तर त्यात मालकांची झोप स्पष्ट दिसायची. एके दिवशी सव्वादोनलाच आकडे उतरले. चौकशी केली तर मालकांनीच आज लवकर उठून युनिट चालू करायला सांगितलं होतं. पाहुणे आले होते.

शेवटी मुलाने टर्बोच बंद करून टाकला. प्रोसेसरला सांगितलं, बाबा रे, छापील वेगाने चाल, ना कमी ना जास्त. आकडे पुष्कळ शहाण्यासारखे वागू लागले. फक्त सगळेच मोठे झाले. हे सेल्सच्या माणसाच्या कानावर गेलं आणि तो जिन्यातूनच ओरडत आला.

"तुम्ही मशीन मुद्दाम हळू केलंत?"

"हो. फास्ट झालंय की नाही ते कळावं म्हणून."

तो बराच वेळ आमच्याकडे बघत उभा राहिला. त्याच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं.

यानंतरचा शत्रू माणूस होता. संगणक शांतपणे मोजमाप करत बसलाय म्हटल्यावर प्रत्येकाला त्याची चौकशी करावीशी वाटते. आपापल्या जागेवरून लॉगिन करायचं आणि 'किती झालं' बघायचं. बघायला माणूस आत शिरला की संगणकाचं लक्ष उडतं, आकडा बिघडतो, आकडा बिघडला का हे बघायला आणखी दोघे आत शिरतात. त्यातच बारा वाजता अँटीव्हायरस जागा होतो आणि प्रत्येक फाइलचा वास घेत फिरतो. एक वाजता बॅकअप. दोन वाजता विंडोजवाल्या शेजारच्या मशीनवरून कुणीतरी आमच्याच डिस्कवर लग्नाचा अल्बम कॉपी करतो. मी मॅनेजर या नात्याने एक विनंतीवजा ईमेल पाठवली. ती वाचायला सगळ्यांनी त्याच मशीनवर लॉगिन केलं, कारण मेल सर्व्हरही तोच होता.

ईमेलचा उपयोग होत नाही म्हटल्यावर पुण्यात एकच उपाय उरतो. टेस्टरचं अक्षर चांगलं आहे. त्याने पुठ्ठ्यावर लिहून संगणकाला सुतळीने पाटी अडकवली:

"येथे मोजमाप चालू आहे. 'किती झाले?' असे विचारू नये. विचारल्यास पहिल्यापासून सुरू करावे लागते. विचारणाऱ्याने संपेपर्यंत येथेच उभे राहावे."

पाटीचा गुण आला. फक्त मजकूर वाचायला खालून मालक, शेजारच्या क्लासची मुलं आणि कुरिअरवाला असे सगळे खोलीत येऊन गेले, आणि मालकांनी 'पहिल्यापासून' मधली वेलांटी तपासली.

इतकं करून आकडे दोन टक्क्यांच्या आत आले. आम्ही पेढे आणायच्या बेतात होतो. तेवढ्यात एक विलक्षण गोष्ट झाली. मुलाने चालवलं की नवी आवृत्ती पुढे, टेस्टरने चालवलं की जुनी. तेच मशीन, तोच प्रोग्रॅम, तीच खोली. मुलाला वाटलं टेस्टर काहीतरी करतोय, टेस्टरला वाटलं मुलगा काहीतरी करतोय. दोघेही माझ्याकडे आले आणि मी दोघांनाही 'तुझंच बरोबर' म्हणालो. याला व्यवस्थापन म्हणतात.

कारण सापडलं ते इतकं हास्यास्पद, की मी ते साहेबांना सांगायचं टाळलं. प्रोग्रॅम सुरू होताना संगणक त्याच्या मेमरीत एक गाठोडं ठेवतो. त्यात वापरणाऱ्याचं नाव, घरच्या फोल्डरचा पत्ता अशी किरकोळ माहिती असते. गाठोडं मोठं असलं की पुढचं सगळं सामान थोडं सरकतं, आणि सरकून गैरसोयीच्या जागी पडलं की प्रोग्रॅम हळू होतो. आमच्याकडे लॉगिनचं नाव म्हणजे स्वतःचं नाव, वडिलांचं नाव आणि आडनाव, सगळं सलग. मुलाचं नाव आटोपशीर आहे. टेस्टरचं मात्र सत्यनारायणाच्या संकल्पाएवढं.

यावर २००९ साली टॉड मिटकोविझ, अमेर दिवाण, मॅथियास हाउसविर्थ आणि पीटर स्वीनी यांनी लिहिलेला निबंध प्रसिद्ध आहे. हे गाठोडं लहानमोठं केल्याने किंवा प्रोग्रॅमचे तुकडे वेगळ्या क्रमाने जोडल्याने निष्कर्ष साफ उलटा होऊ शकतो हे त्यांनी दाखवलं. वर त्यांनी नामांकित परिषदांमधले १३३ शोधनिबंध तपासले, तर या भानगडीची नीट दखल एकानेही घेतलेली नव्हती. तेव्हा नाचता येईना अंगण वाकडं म्हणून इतकी वर्षं आपण ज्यांना हसलो, त्यांची एकदा माफी मागायला हवी. अंगण खरोखरच वाकडं असतं, आणि किती वाकडं ते नाचणाऱ्याच्या आडनावावर ठरतं.

चार वर्षांनी, २०१३ मध्ये, मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातल्या चार्ली कर्टसिंगर आणि एमरी बर्गर यांनी त्यावर तोड काढली. सामान जागेवर बसवता येत नाही ना, मग प्रोग्रॅम चालू असतानाच ते सतत उलटंपालटं करत राहायचं. म्हणजे नशीब कुणा एकाच्या बाजूने फार वेळ राहत नाही, आणि जो फरक शेवटी उरतो तो खरा. स्टॅबिलायझर असं त्या साधनाचं नाव. ते लावून त्यांनी पाहिलं, तर कंपायलरची जी सर्वांत वरची पायरी लोक मोठ्या श्रद्धेने वापरतात, तिच्यात आणि खालच्या पायरीत पडणारा फरक नुसत्या योगायोगापासून वेगळा काढता येत नव्हता. मला हे वाचून फार बरं वाटलं. आमची तीन टक्क्यांची लाज एवढ्या मोठ्या माणसांत वाटली गेली.

जून संपता संपता नदीकडून ढोल सुरू झाले.

पुण्यात बाहेरून आलेल्या वाचकांसाठी सांगायला हवं, की गणपती येण्याच्या कितीतरी आधीपासून नदीकाठी पथकांचा सराव सुरू होतो. संध्याकाळी साडेसहाच्या पुढे आमच्या खिडक्यांच्या काचा ताल धरतात, सातला टेबलावरचा चमचा कपात नाचू लागतो. त्याच वेळी आमच्या मशीनच्या डिस्कचे आकडे उसळ्या मारू लागले. मुलगा डोळे विस्फारून म्हणाला, "सर, ढोल!"

मी हसलो असतो, पण याला पुरावा आहे. २००८ च्या डिसेंबरात सन मायक्रोसिस्टिम्समधल्या ब्रेंडन ग्रेग नावाच्या इंजिनिअरने डिस्कच्या रॅकसमोर तोंड नेऊन मोठ्याने बोंब मारली, आणि शेजारच्या पडद्यावर डिस्कला लागणारा वेळ त्याच क्षणी उंच गेलेला दिसला. त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. फिरणाऱ्या तबकडीवर केसाहून कितीतरी कमी अंतरावर तरंगणारं डोकं हादरलं की वाचायची जागा चुकते, पुन्हा फेरी येईपर्यंत थांबावं लागतं. तो एकटा माणूस ओरडला तर एवढं. इथे शंभर ढोल, वर ताशे.

पण मुलाला नुसता संशय नको होता, प्रयोग हवा होता. पाच मिनिटं ढोल, पाच मिनिटं शांतता, आलटून पालटून. तो मला घेऊन थेट नदीकाठी गेला. पथकप्रमुखांनी आमचं सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे सुपारी आहे का?"

"नाही, मोजमाप आहे. तुम्ही थोडा वेळ वाजवायचं, मग थोडा वेळ थांबायचं."

"थांबायचे पैसे वेगळे."

मग त्याने टिपरू खांद्याला टेकवून विचारलं, "डिस्क फिरणारी आहे का?"

"हो."

"अजून?" त्याने आमच्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती नजर मला ओळखीची होती, ती हिंजवडी फेज तीनच्या आयटीवाल्याची होती. "दादा, एसएसडी घ्या," तो म्हणाला आणि टोल पडला. पुढचं आम्हाला काही ऐकू आलं नाही.

एसएसडी घेतली. ढोलांचा प्रश्न मिटला, गुरुवार उरला. गुरुवारी दुरुस्तीच्या नावाने आमच्या भागात वीज जाते, त्याच दिवशी पाणीही येत नाही. म्हणजे मशीन बॅटरीवर आणि माणसं टँकरवर. बॅटरीवर गेलं की यंत्र जपून वागायला लागतं. हा भाग मी लवकर आवरतो, कारण त्यात शिकण्यासारखं काही नाही. गुरुवारी मोजायचं नाही, बस्स.

सेल्सच्या माणसाने यावर क्लाउडचा तोडगा सुचवला. स्वतःचं मशीन ठेवायचंच कशाला? तासाच्या भाड्याने घ्यायचं, ना मालक, ना एसी, ना ढोल. घेतलं. पहिल्या दिवशी आकडे इतके सुंदर आले की छापून भिंतीला लावावेत. दुसऱ्या दिवशी त्याच भाड्यात त्याच नावाचं मशीन घेतलं तर ते वीस टक्के मंद. भाड्याच्या मशीनमध्ये आपण एकटे नसतो. त्याच लोखंडावर आणखी कुणीकुणी राहतात आणि त्यातला एखादा दिवसभर कसलीतरी दळणं काढत असतो. या प्रकाराला त्या धंद्यात 'गोंगाट करणारा शेजारी' असंच म्हणतात. आपल्या सोसायटीत तो निदान जिन्यात भेटतो. त्याच्या आईला सांगता येतं. इथे तक्रारीचा फॉर्म भरला तर 'आपले समाधान झाले का?' असा उलट फॉर्म आला.

शेवटी आम्ही पुन्हा आपल्याच जुन्या मशीनकडे आलो. सुट्टीच्या दिवशी, रात्री, नेटवर्कची वायर उपटून, पडदा बंद करून, प्रोसेसरचा एक कोर फक्त या कामासाठी राखून, सगळ्यांना घरी पाठवून. वॉचमनकाकांना बजावून ठेवलं, की काही झालं तरी मशीनला हात लावायचा नाही. मुलाने एक युक्ती आणखी केली: जुनी आवृत्ती सगळी आधी आणि नवी सगळी नंतर असं न करता जुनी, नवी, जुनी, नवी अशी रात्रभर आलटून पालटून चालवली. खोली तापली तर दोघींना तापेल, डास आले तर दोघींना चावतील. त्याने असंही सुचवून पाहिलं होतं, की घड्याळ बघूच नये, प्रोसेसरने किती सूचना पाळल्या तेवढ्या मोजाव्यात. एसक्यूलाइटसारखी मोठी माणसं बारीकसारीक सुधारणा तपासताना असंच करतात, आणि तो आकडा जवळपास हलत नाही. साहेबांनी ते उडवून लावलं. "गिऱ्हाईक सूचना मोजत नाही, घड्याळ मोजतं." यात तथ्य होतं, म्हणून मला जरा वाईट वाटलं.

सकाळी आकड्यांची लांबलचक यादी तयार होती. आता यातला कोणता आकडा खरा मानायचा, यावर बैठक बसली आणि तेव्हा मला कळलं की इतके दिवस आपण भलत्याच गोष्टीशी झगडत होतो. संगणकाचे आकडे अर्ध्या टक्क्यात आले होते. माणसं कुठे आली होती?

सेल्सचं म्हणणं, सगळ्यात चांगला आकडा घ्या. टेस्टर म्हणे, सगळ्यात वाईट. मुलगा म्हणाला सरासरी, पण रात्री एकदा कसल्याशा कारणाने एकोणीसशे मिलिसेकंदांचा एक राक्षस येऊन गेला होता आणि त्याने सरासरीचा पाय ओढला होता. (वॉचमनकाकांनी शपथेवर सांगितलं, हात लावला नाही. फक्त मोबाइल चार्जिंगला लावला.) अकाउंट्सच्या मॅडमनी विचारलं, ऑडिटरला कुठला चालेल? मी मध्यक सुचवला. सगळे आकडे चढत्या क्रमाने उभे करायचे आणि बरोबर मधल्याला पुढे बोलवायचं. तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. शाळेपासून वर्गात माझी जागाही तीच, त्यामुळे मला त्याच्याबद्दल आपुलकी आहे. सूचना मंजूर झाली नाही.

सेल्सवाला इरेला पेटला होता. "जगात सगळे आपला सगळ्यात चांगला आकडाच सांगतात! हिंजवडीला जायला किती वेळ लागतो, कुणालाही विचारा. वीस मिनिटं! कधी? रविवारी पहाटे साडेपाचला!" ही गोष्ट मान्य करावीच लागते. पुण्यातला माणूस अंतर मिनिटांत सांगतो, आणि ती मिनिटं त्याच्या आयुष्यातल्या सर्वांत भाग्यवान सकाळची असतात. बाकी दिवशी जे होतं तो 'आज जरा ट्रॅफिक होतं'.

मग त्याने हुकमाचं पान टाकलं: 'एका'. टाटांच्या कॉम्प्युटेशनल रिसर्च लॅबोरेटरीजने पुण्यात उभारलेला हा महासंगणक नोव्हेंबर २००७ च्या जगातल्या पाचशे महासंगणकांच्या यादीत थेट चौथा आला, आशियात पहिला. ११७.९ टेराफ्लॉप्स. ज्या गावात १९९१ साली सी-डॅकने परम ८००० दाखवला होता, त्या गावाने पुन्हा एकदा कॉलर ताठ केली. ही यादी लिनपॅक नावाच्या एकाच परीक्षेवर ठरते. समीकरणांचं एक अवाढव्य गाठोडं सोडवायचं. गाठोडं किती मोठं घ्यायचं ते ज्याने त्याने आपल्या यंत्राला मानवेल तसं निवडायचं, आणि मिळालेला सर्वोत्तम आकडा पाठवायचा. "सर्वोत्तम!" सेल्सवाला टेबलावर हात आपटून म्हणाला. "सरासरी कुणी विचारली का त्यांना?"

टेस्टरने थंडपणे विचारलं, "तुमच्या गाडीचं अ‍ॅव्हरेज किती?"

खोली एकदम हळवी झाली. हा प्रश्न पुण्यात वयाच्या बरोबरीने जपून विचारतात. आपल्याच शहरात, वेताळ टेकडीवर, १९६६ पासून एआरएआय ही संस्था आहे आणि देशभरातल्या कित्येक गाड्यांच्या मायलेजचा आकडा तिथून निघतो. गाडी रस्त्यावर नेतच नाहीत. प्रयोगशाळेत रोलरवर चढवतात, चाकं जागच्या जागी फिरतात. किती वेगाने, कधी थांबायचं, कधी निघायचं याची रेघ पडद्यावर आखलेली असते आणि ड्रायव्हर ती रेघ गिरवत जातो. वेग नव्वदच्या वर जात नाही. आमची रात्रीची रिकामी खोली म्हणजे दुसरं काय होतं? दोन गाड्यांची तुलना करायची तर हेच बरोबर, याहून न्याय्य काही नाही. फक्त त्या रोलरवर चांदणी चौकाचा चढ नसतो, वाकडचा सिग्नल नसतो, आणि मागच्या सीटवर 'एसी वाढव' म्हणणारे सासरे नसतात.

"एकवीस लिहिलंय," सेल्सवाला म्हणाला.

"मिळतं किती?"

"...तेरा. पण माझं क्लचवर पाय ठेवायचं—"

"आज जरा ट्रॅफिक होतं?" मॅडमनी विचारलं.

अखेर साहेबांनीच निकाल दिला. नवी आवृत्ती २.६ टक्के फास्ट, असं मध्यकाने म्हटलं. माझा मध्यक मागच्या दाराने का होईना आत आला. मुलगा खट्टू झाला. "सर, तीन नाही?" सेल्सने माहितीपत्रकात 'सुमारे पाच टक्के' छापलं. विचारल्यावर म्हणाला, पुढच्या वर्षापर्यंतचं धरलंय.

आणि मग आम्ही पहिल्या गिऱ्हाइकाकडे ती आवृत्ती बसवायला गेलो. जुन्नर तालुक्यातली पतसंस्था. टर्बो, कोर, गाठोडं, सगळं मनात घोळवत मुलगा बसमधून उतरला. तिथला संगणक देव्हाऱ्याखालच्या टेबलावर होता, वर प्लास्टिकचं कव्हर, कव्हरवर उदबत्तीची राख. एकाच वेळी त्यावर आमची आकारणी, हिशेबाचं दुसरं सॉफ्टवेअर, दोन अँटीव्हायरस आणि भजनं चालू होती. आमच्या चाचणीत निवडक खाती होती. इथे सगळी खाती, वर प्रत्येक पान प्रिंटरला पाठवायचं, म्हणजे मामला मिलिसेकंदांचा राहिलाच नव्हता.

व्यवस्थापकांनी आकारणी सुरू केली आणि चहा सांगितला.

"काका, किती वेळ लागतो साधारण?" मुलाने श्वास रोखून विचारलं.

"चहा येईस्तोवर होतं बघा."

"आणि जुन्या आवृत्तीला?"

"तवाही चहा येईस्तोवरच." काका थांबले. "पण तवा टपरी स्टँडवर होती. आता हितं खालीच आलीय."

म्हणजे फास्ट झालं होतं! माझा चेहरा उजळला. पण मुलाने वही काढली होती.

"टपरी नक्की कधी हलली, काका?"

"दिवाळीच्या मागंपुढं."

"आणि चहा आणणारा तोच आहे?"

"छ्या! आता त्याचं पोरगं आणतंय. लई जोरात पळतंय."

मुलाने वही मिटली आणि गंभीरपणे माझ्याकडे वळला. "सर, एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्यात. हा आकडा धरता येणार नाही. काका, पुढच्या वेळी आकारणी लावाल तेव्हा चहा त्याच्या बापाला आणायला सांगा. आणि पहिला कप मोजू नका."